लाजाळूच्या आरोग्याचा दाखला

प्रेमा तोरसकर चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होत असे, आणि एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तो एकदाही मूळ रंगावर आला नाही. अंधेरीच्या ज्या चाळीत ती राहायची तिथे अजून सांगतात की पोरगी मुळातच तापट. साफ खोटं आहे. पोरगी मुळात गरीब होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकत होती आणि खाली मान घालून कॉलेजला जात होती. तिला तापवली ती चाळीने, कॉलेजने आणि एका सरकारी खात्याने. तिघांपैकी एकालाही त्याची लाज वाटली नाही. लाजायचं काम सगळ्यांनी मिळून एका कुंडीतल्या झाडावर सोपवलं होतं.

झालं ते असं. परदेशातल्या एका संशोधन संस्थेकडे एक विमान होतं. ते उंच जायचं, वर कमानीसारखं वळायचं आणि खाली झेपावायचं. त्या कमानीत पंचवीस सेकंद आतल्या माणसांचं आणि सामानाचं वजन नाहीसं व्हायचं. ते कसं, हे सांगायला शास्त्रज्ञ आहेत, आपण त्यात पडायला नको. तर या पंचवीस सेकंदांसाठी कॉलेजच्या मुलांनी झाडापानांवरचा एखादा प्रयोग सुचवावा, असा कागद कॉलेजच्या फळ्यावर लागला. तो सगळ्यांनी वाचला आणि सगळे कॅन्टीनला गेले. प्रेमा तेवढी तिथे उभी राहिली.

सर म्हणाले, "पंचवीस सेकंदांत झाड काय करणार? कोंब वळायलासुद्धा तास लागतो."

"लाजाळू करेल, सर," प्रेमा म्हणाली.

लाजाळूला हात लावला की पानं मिटतात आणि पानांचा देठ सांध्यातून खाली पडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण देठ पडतो तो वजनाने, की झाड त्याला स्वतःच्या जोराने पाडतं? प्रेमाने कुंडी उलटी टांगूनसुद्धा पाहिली होती. देठ तेव्हाही हलला, पण त्यात वजनाचा वाटा किती आणि झाडाचा किती, ते काही वेगळं काढता येईना. वजनच काढून घेतलं तर लगेच कळेल. कल्पना इतकी सरळ होती की सर दोन मिनिटं गप्प बसले, आणि ते सर गप्प बसल्याची कॉलेजात दुसरी नोंद नाही.

अर्जावर दोन विद्यार्थी हवे होते, म्हणून चंद्रप्रकाश वालावलकरला घेतला. चंद्रप्रकाशचं अक्षर सुरेख होतं आणि त्याला टाइपिंग येत होतं. प्रयोगातलं याखेरीज त्याला काही येत नव्हतं. तरी अर्जावर नाव त्याचं वर आणि प्रेमाचं खाली. प्रेमाने विचारलं, असं का? प्रिन्सिपॉल म्हणाले, "अगं, तुझं आडनाव उद्या लग्नानंतर बदलणार. उगाच कागदपत्रांत घोटाळा नको." नाकाचा शेंडा लाल झाला तो त्या दिवशी. काही आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं, तेही श्रीयुत चंद्रप्रकाश आणि त्यांचे सहायक श्रीयुत प्रेमा यांच्या नावे.

पत्रात तीन अटी होत्या. झाड विमानाच्या थरथरीने आधीच मिटता कामा नये, त्याला थरथरीची सवय लावून पाठवावं. प्रत्यक्ष प्रयोगात त्याच्यावर बर्फाच्या पाण्याचा थेंब टाकून ते मिटवलं जाईल. आणि कुंडी बावीस सप्टेंबरपर्यंत सांताक्रूझ विमानतळावर पोचावी, सोबत झाड निरोगी असल्याचा सरकारी दाखला जोडावा. दाखला नसेल तर पुढच्या नंबरवरचा प्रयोग घेतला जाईल. पुढच्या नंबरवर कोणी तरी मटार वाढवत होतं. मटाराच्या नावानेसुद्धा प्रेमाचं रक्त उसळायचं. कारण उघड आहे. घरातली बशी फुटण्यापासून ते शाळेतल्या बक्षिसापर्यंत आजवर तिचं म्हणावं असं काही घडलंच नव्हतं. सगळं थोरल्या भावाचं, बाबांचं, नाही तर नशिबाचं. ही एकच गोष्ट तिची होती, आणि ती विमानात चढायची होती.

थरथरीची सवय लावणं सोपं गेलं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत यंत्राशेजारच्या फळीवर कुंडी रोज तासभर ठेवायची. पहिल्या दिवशी यंत्र सुरू होताच झाड कोलमडलं. चौथ्या दिवशी ज्वारी दळली, बाजरी दळली, एका बाईने आपलं भाजणीचं पीठ दुसऱ्या बाईच्या डब्यात गेलं म्हणून गिरणी डोक्यावर घेतली, तरी झाडाने पान हलवलं नाही. झाड पांढरं झालं होतं, पण उघडं होतं.

खरी अडचण घरी होती. तुम्ही मला जगातला असा एक माणूस दाखवा, जो लाजाळू दिसल्यावर त्याला हात न लावता पुढे जातो. नाही दाखवता येणार. संतमहंत असोत की शाळामास्तर, बोट पुढे होतंच. कुंडी तोरसकरांच्या खिडकीत होती आणि खिडकी गॅलरीत होती. नळावर जाणाऱ्याने जाताना हात लावावा आणि येताना पुन्हा लावावा, कारण मधल्या वेळात ते उघडलेलं असे आणि ते उघडं राहिलेलं कोणालाच बघवत नसे. प्रेमाने पाटी लावली, 'हात लावू नये'. त्यामुळे ज्यांचं आजवर लक्ष नव्हतं तेही वरच्या मजल्यावरून खाली आले.

शेजारच्या शेवंतीकाकूंना हरकत वेगळीच होती. त्या हातही लावायच्या आणि सल्लाही द्यायच्या. "गो बाय, ह्या झाड दारात ठेवू नको. लाजाळू दारात आसला काय चेडवांची लग्ना मोडतत."

"काकू, माझं लग्न ठरलेलं नाही. मोडेल कसं?"

"ठरूकच देवचा नाय ता!" असं म्हणून काकूंनी आणखी एका फांदीला बोट लावलं.

एका सकाळी दात घासता घासता बाबाच पानांवरून करंगळी फिरवताना सापडले. सहदेव तोरसकर म्हणजे एका कारखान्याच्या स्टोअरमधले हेडक्लार्क. विचारल्याशिवाय तिथे कोणी खिळ्यालाही हात लावू शकत नसे. प्रेमा ओरडली, "बाबा, तुम्हीसुद्धा?"

"लावला तर झिजतंय काय?" बाबा तोंडातला फेस सांभाळत म्हणाले. "विमानात जायचा रुबाब बघा झाडाचा!"

असो. आता सरकारी खातं. त्या खात्याचं नाव मी सांगणार नाही. परदेशी जाणाऱ्या झाडांची, बियांची, आंब्यांची प्रकृती पाहून त्यांना दाखला देणं हे त्याचं काम होतं. तिथले अधिकारी नंदकिशोर धारप. स्वच्छ माणूस, बावीस वर्षं नोकरी, टेबलावर धुळीचा कण नाही. ऑगस्टच्या शेवटी प्रेमा आणि चंद्रप्रकाश कुंडी घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. धारपसाहेबांनी चष्मा वर केला, झाड बघितलं, आणि बोट पुढे केलं.

झाडाने माना टाकल्या.

साहेबांनी फॉर्म ओढला. त्यावर दोन रकाने होते, 'रोपाची जात' आणि 'रोपाची प्रकृती'. पहिल्यात त्यांनी लाजाळू लिहिलं. दुसऱ्यात लिहिलं, कोमेजलेले.

"साहेब, ते कोमेजलं नाही. ते मिटलं आहे," प्रेमा म्हणाली.

"मला दिसतं ते मी लिहितो, बाई."

"दहा-पंधरा मिनिटं थांबा, उघडेल."

"मागे अकरा जण उभे आहेत. तुमच्या झाडासाठी सरकार थांबवू? पुढच्या आठवड्यात या. बरं करून आणा."

बरं करून आणा! प्रेमा बसस्टॉपपर्यंत हा एकच शब्दप्रयोग पुटपुटत गेली. बसमध्ये कंडक्टरने तिकीट देता देता कुंडीत बोट घातलं, तेव्हा तिने त्याला असं काही पाहिलं की त्याने सुटे पैसे न मागता परत दिले.

दुसऱ्या खेपेला तिने झाडावर काचेची मोठी बरणी उपडी घातली. धारपसाहेब म्हणाले, "झाकलेल्या मालाची तपासणी होत नाही." बरणी काढली, बोट लावलं, लिहिलं, कोमेजलेले. तिसऱ्या खेपेला कुंडी साहेबांपर्यंत पोचलीच नाही. दाराशीच राजाराम शिपायाने तिला हात लावला, मग आवकजावकवाल्या क्लार्कने, मग टायपिस्ट बाईंनी. ज्या झाडाने भाजणीचं भांडण पचवलं होतं, त्याने या खात्यापुढे हात टेकले.

"वाट लागली यार," चंद्रप्रकाश जिन्यावर बसत म्हणाला. "आपण असं करू. निवड झाल्याचं पत्र आहेच ना? ते फ्रेम करू."

"तुझं नाव वर आहे म्हणून तुला फ्रेम सुचते," प्रेमा म्हणाली. "पण तू गिरणीत काय पाहिलंस? यंत्र रोज हललं, म्हणून झाड यंत्राला विटलं. मग बोटालाही विटेल. बर्फाचा थेंब वेगळा, बोट वेगळं. या झाडाला मी बोटाचा इतका कंटाळा आणीन की त्या धारपाने दोन्ही हातांनी चोळलं तरी ते ढिम्म राहील."

घरी येऊन तिने पाटीवरचं 'लावू नये' पुसलं आणि पाटी केली, 'हात लावावा'.

आणि इथे चाळीने आपली जात दाखवली. कोणी फिरकेना! जे लोक पाटी चुकवून, गजांतून हात घालून, पाठीमागे बघत बघत बोट लावायचे, ते आता मान ताठ ठेवून नळावर जाऊ लागले. प्रेमाने शेवंतीकाकूंना विनवलं. काकू म्हणाल्या, "माका काय दुसरी कामा नाय?" बाबा म्हणाले, "सारखं सारखं काय हात लावायचा? मजा गेली त्यातली." प्रेमाने वेळापत्रक केलं, खोलीवार नावं घातली, दर दहा मिनिटांनी एक बोट. पहिल्या दिवशी तीन जण आले. त्यातल्या एकाने चहा मागितला. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकाच्या कागदात कोणी तरी लसूण बांधून नेली. ओरडून ओरडून प्रेमाचा घसा बसला, आणि सगळे म्हणू लागले की बघा, पोरगी किती तापट.

शेवटी धावून आली ती पुतळाबाई. वेसाव्याची कोळीण, रोज सकाळी चाळीत मासे विकायला यायची. माशांची पाटी रिकामी झाली की जिन्याच्या पहिल्या पायरीवर तासभर पाय पसरून बसायची. तिने प्रेमाचा अवतार बघितला आणि म्हणाली, "आन गो पोरी ती कुंडी हतं. मना बसल्या बसल्या बोट लावाला काय जातंय?"

तिने खरोखरच लावलं. गप्पा मारता मारता, पान चघळता चघळता, माशाची आठवण राहिलेल्या त्या बोटाने बारा दिवस न चुकता. ती गेल्यावर दुपारभर प्रेमा. हातात जाडजूड पुस्तक आणि दर मिनिटाला एक बोट. पाचव्या दिवशी झाड अर्धंच मिटलं. आठव्या दिवशी नुसतं शहारलं. बाराव्या दिवशी पुतळाबाईने फांदी चिमटीत धरून हलवली, तर झाडाने तिच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. "झार कोरगं झालं गो तुजं," ती म्हणाली. तीन महिन्यांत प्रेमा पहिल्यांदा हसली.

एकवीस सप्टेंबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी कुंडी विमानतळावर द्यायची. आज दाखला नाही मिळाला तर मटार विमानात बसणार. पावणेपाचला, सगळी गर्दी ओसरल्यावर, प्रेमाने कुंडी धारपसाहेबांच्या टेबलावर ठेवली. दाराशी राजारामने बोट लावलं होतं, क्लार्कने लावलं होतं, टायपिस्ट बाईंनी दोनदा लावलं होतं. झाड पसरून उभं होतं, एकेक पान हिरवंगार.

साहेबांनी बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. मग तळहात फिरवला. मग चष्मा काढून पुसला, घातला आणि अर्ज पाहिला.

"हे लाजाळू नाही," ते म्हणाले.

प्रेमाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय नाही?"

"लाजाळू मिटतं. हे मिटत नाही. अर्जात लाजाळू लिहिलंय, तुम्ही भलतंच झाड आणलंत. असा दाखला मी देऊ शकत नाही. खऱ्या लाजाळूला घेऊन सोमवारी या."

चंद्रप्रकाश मागून हळूच म्हणाला, "सोमवारी या म्हणतायत, सोमवारी येऊ."

आजवरचा सगळा राग त्या क्षणी प्रेमाच्या हातात उतरला. अर्जावरचं खालचं नाव, श्रीयुत प्रेमा, कंडक्टर, लसणीचा कागद, बाबांची करंगळी. तिने तो हात धारपसाहेबांच्या स्वच्छ टेबलावर असा हाणला की दौत उडाली, टाचण्यांचा डबा जमिनीवर सांडला आणि कुंडी चार बोटं सरकली.

या आघाताची सवय झाडाला कोणी लावली नव्हती. ते शेंड्यापासून बुडापर्यंत मिटलं, सगळे देठ एकदम खाली आले.

धारपसाहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा! लाजाळूच की!" त्यांनी पहिल्या रकान्यात समाधानाने लिहिलं, लाजाळू. मग पेन दुसऱ्या रकान्यावर नेलं, झाडाकडे पाहिलं आणि खेदाने मान हलवली.

"लिहू नका!" प्रेमा ओरडली. टायपिस्ट बाईंचं यंत्र थांबलं. "ते पेन खाली ठेवा. चंद्रप्रकाश, दार लाव आणि दाराला पाठ लावून उभा राहा. कोणी बाहेर जायचं नाही आणि कोणी झाडाजवळ यायचं नाही."

"बाई, हे सरकारी कार्यालय आहे."

"माहीत आहे मला. कार्यालय पाचपर्यंत आहे, आता पाचला तेरा कमी आहेत. म्हणजे पाचपर्यंत तुम्ही माझे आहात." तिचा आवाज फाटला होता. "हात लावायला सगळी दुनिया येते, साहेब. माझ्या बापापासून तुमच्या शिपायापर्यंत. हात लावायचा, मिटलं की हसायचं आणि चालू पडायचं. परत उघडतं का, हे बघायला आजवर कोणी थांबलंय? तीन महिने झाले, मी एकटी थांबते आहे. तुम्ही दोनदा या झाडाला आजारी ठरवलंत, एकदा खोटं ठरवलंत. आज तुम्ही थांबायचं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आल्याचा तिला आणखी राग आला होता. धारपसाहेबांनी पेन खाली ठेवलं. घाबरून ठेवलं की काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. राजाराम टाचण्या वेचायला वाकला होता, तो तसाच उकिडवा राहिला.

सात मिनिटं काही झालं नाही. चंद्रप्रकाश दाराशी घामाने भिजला. आठव्या मिनिटाला तळाचा एक देठ किंचित उचलला गेला. मग दुसरा. मिटलेल्या पानांच्या जोड्या एकेक करून सुटायला लागल्या, हळूहळू, कोणाची घाई नसल्यासारख्या. टायपिस्ट बाई उठून जवळ आल्या, आणि प्रेमाने नुसतं पाहिल्याबरोबर त्यांनी हात पाठीमागे बांधले. पाचला दोन कमी असताना झाड पूर्ण उघडलं होतं.



"उघडतं होय?" धारपसाहेब म्हणाले. "बावीस वर्षांत... मला वाटायचं मेलं." त्यांनी मान खाली घातली, दुसऱ्या रकान्यात सावकाश लिहिलं, निरोगी, सही केली, शिक्का मारला आणि शिक्क्यावर फुंकर घातली. दाखल्यावर झाड पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. त्यांनी चंद्रप्रकाशकडे पाहिलं, मग प्रेमाकडे पाहिलं, आणि न विचारता लिहिलं, कुमारी प्रेमा सहदेव तोरसकर.

मग त्यांना भरून आलं. ते खुर्चीतून उठले, कुंडीवर वाकले आणि निरोप द्यावा म्हणून अगदी मायेने त्यांनी बोट पुढे केलं.

प्रेमाने त्यांचं मनगट वरच्या वर धरलं.

"सही झाली ना, साहेब?" ती म्हणाली. "मग हात खिशात घाला."

आणि नंदकिशोर धारपांनी, राजारामादेखत, हात खिशात घातला.